शंभर फिरवू का एकशेआठ?

वीकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहायचं ठरवलं होतं. पण गुरुवारी हापिसात जेवताना एक विषय निघाला आणि तो काही डोक्यातून जाईना. टीममधल्या एकाच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचा मुलगा रात्रभर ओरडत होता, भांडी फेकत होता. सोसायटीवाल्यांनी शेवटी पोलिसांना बोलावलं. "मग दुसरं काय करणार?" असं तो म्हणाला. टेबलावर आम्ही सहा जण होतो, सगळे शिकलेसवरलेले. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

निदान माझ्याकडे तरी असायला हवं होतं. कारण हाच प्रश्न २०१९ च्या मे महिन्यात, रात्री पावणेएकला, माझ्या आत्याने मला फोनवर विचारला होता.

"आरं बाळा, हा अजिबात ऐकंना झालाय बघ. शंभर फिरवू का एकशेआठ?"

"हा" म्हणजे माझा आतेभाऊ. (त्याला विचारूनच हे लिहितोय. नाव आणि गाव लिहायचं नाही असं ठरलंय. सातारा आणि सांगलीच्या मध्ये कुठेतरी, एवढं पुरे.) माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. आजाराला डॉक्टरांनी नाव देऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, गोळ्या चालू होत्या, दुकान नीट चाललं होतं. मग एका पाहुण्याने सांगितलं की एवढा धडधाकट गडी, जन्मभर कशाला गोळ्या खायच्या? त्याने बंद केल्या. महिना-दीड महिना काहीच झालं नाही. नंतर झोप गेली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलंय म्हणून ऐन मे महिन्यात पाणी प्यायचं बंद केलं. त्या रात्री तो आतल्या खोलीला कडी लावून बसला होता आणि हातात दुकानातला पाना होता. कुणाला मारायला नव्हे. "ते" आत आलेच तर असावा म्हणून.

मी पुण्यात. आधी एका ओळखीच्या खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "पेशंट बांधून ठेवलाय का? नसेल तर आधी पोलीस बोलवा, मग आम्ही येतो." एकशेआठ म्हणजे अपघात, हार्ट अटॅक, बाळंतपण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी आत्याला म्हणालो, "शंभर फिरव. मी निघालोच."

म्हणजे पोलीस बोलवायला मीच सांगितलं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

खंबाटकी उतरून साताऱ्याच्या पुढे गेलो तोवर आत्याचा फोन आला, "घेऊन गेले रे." पोलीस पंचवीस मिनिटांत आले होते. दोघे जण, त्यातले एक हवालदार निवृत्तीला आलेले. कुणी शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. पण दादाच्या डोक्यात गेले चार दिवस जे "ते" येणार होते, ते खाकी कपड्यात खरोखरच दारात उभे राहिले! मग झटापट झाली. त्याच्याच टॉवेलने त्याचे हात बांधले आणि दोघांच्या मधून त्याला गल्लीतून जीपपर्यंत नेलं. एव्हाना गल्लीतले सगळे दिवे लागले होते. नंतर चौकीतल्या बाकड्यावर दोन तास. मग एका सरकारी दवाखान्यात, तिथे "पोलिसांचं पत्र आणा" म्हणून पुन्हा चौकीत. मी पहाटे पोचलो तेव्हा त्या हवालदारांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, आमाला चोर धरायचं शिकवलंय. ह्ये पोरगं आजारी हाय. आमी काय करायचं सांगा की?"

अठरा दिवसांनी दादा घरी आला. आज ठणठणीत आहे, गोळ्या घेतो, दुकान चालवतो. त्या रात्रीचं त्याला फारसं आठवत नाही. आठवतं ते फक्त गल्लीतून चालत जाणं. "गल्लीला वाटलं मी चोरी केली," एवढंच म्हणतो. त्यानंतर वर्षभर तो दुकानात मागच्या दाराने जायचा.

तर आजचा विषय हा आहे. माझं मत सरळ सांगतो: मनाच्या आजाराची अशी अचानक वेळ आली तर दारात पहिलं पाऊल आरोग्यसेवेतल्या माणसाचं पडलं पाहिजे. पोलीस लागले तर त्यांनी बोलावल्यावर यावेत, आणि मागे उभे राहावेत. आणि यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. तो कधीच झालाय.

आपल्या धंद्यातली उपमा देतो. कोडमध्ये एखादं एक्सेप्शन कुणीच पकडलं नाही तर ते वर वर जात शेवटी सगळ्यात वरच्या डिफॉल्ट हँडलरकडे जातं. त्या बिचाऱ्याला ते काय आहे हे कळत नसतं, त्याला दोनच गोष्टी येतात: प्रोग्रॅम थांबवणं आणि लॉगमध्ये नोंद करणं. पोलीस हे आपल्या समाजाचे डिफॉल्ट हँडलर आहेत. रात्री दोन वाजता फोन केला की कुणीतरी नक्की येणार, अशी भारतात एकच यंत्रणा आहे, म्हणून सगळं त्यांच्या गळ्यात. त्यांना दोनच गोष्टी येतात: माणूस ताब्यात घेणं आणि डायरीत नोंद करणं. यात दोष हँडलरचा नाही, ज्याने मधला कॅच ब्लॉक लिहिलाच नाही त्याचा आहे.

आता कायद्याबद्दल. (इथे थोडं कंटाळवाणं होईल, पण वाचाच. मी हे त्या पहाटेच्या आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.)

"पोलिसांचं पत्र आणा" हे येतं कुठून? इंग्रजांनी १९१२ साली ल्यूनसी अ‍ॅक्ट केला. त्यात रस्त्यावर भटकणारा "वेडा" पोलिसांनी पकडायचा आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायचा. मॅजिस्ट्रेट हुकूम देणार, मग इस्पितळ. स्वातंत्र्यानंतर आपण १९८७ साली मानसिक आरोग्य कायदा केला, भाषा सौम्य केली, पण रस्ता तोच ठेवला: पोलीस, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट, हुकूम, इस्पितळ. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आजारी माणसाची पहिली भेट डॉक्टरशी नाही, तर पोलिसाशी आणि दुसरी कोर्टाशी. एवढ्या वर्षांची सवय दवाखान्याच्या खिडकीतून एका दिवसात कशी जाणार?

मग आला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. दादाची रात्र उजाडली तेव्हा त्याला जवळपास वर्ष झालं होतं. त्यातली चार कलमं सांगतो.

कलम १०० पोलिसांचं आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला, किंवा त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे असं वाटलं, तर ठाणे अंमलदाराने त्याला संरक्षणात घ्यायचं. शब्द बघा: अटक नव्हे, संरक्षण. शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. मॅजिस्ट्रेट मधून गेला. आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. दवाखान्यात पोचल्यावर तपासणीची व्यवस्था करणं ही तिथल्या प्रमुख डॉक्टरची जबाबदारी. तपासणीत भरती करण्यासारखं काही निघालं नाही तर त्याला परत घरी सोडायचं, तेही पोलिसांनीच.

कलम ९४ तातडीच्या उपचारांचं. जीवाला धोका असेल, स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, दवाखान्यात किंवा दवाखान्याबाहेर, म्हणजे घरीसुद्धा, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. रुग्णाला मानसोपचाराच्या ठिकाणी नेणं हासुद्धा या तातडीच्या उपचाराचाच भाग धरलाय. इथे पोलीस हा शब्दच येत नाही.

कलम ९५ मध्ये रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला बंदी आहे. हे कशासाठी लिहावं लागलं? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला एका दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि खांबांना साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. "पेशंट बांधून ठेवलाय का?" हे वाक्य त्यानंतर अठरा वर्षांनी मी फोनवर ऐकलं.

आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, कलम २१. मानसिक आजारासाठीच्या आपत्कालीन सेवा शारीरिक आजाराइतक्याच दर्जाच्या आणि तितक्याच उपलब्ध असल्या पाहिजेत. अ‍ॅम्ब्युलन्स वापरण्याचा हक्कसुद्धा तितकाच, त्याच दर्जाचा. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात छापलेलं होतं. एकशेआठ!

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, आणि प्रत्येक गाडीत ड्रायव्हरबरोबर एक डॉक्टर. इतर अनेक राज्यांत गाडीत फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो ही मोठी गोष्ट आहे. म्हणजे कायदा आहे, गाडी आहे, गाडीत डॉक्टर आहे. सगळे तुकडे आहेत, जोडलेले नाहीत. आत्यासारख्या बाईच्या डोक्यात १०८ आणि मनाचा आजार यांची गाठ कुणी बांधलेली नाही, आणि माझ्या डोक्यातही नव्हती.

आपल्या भाषेतच बघा ना. साताऱ्या-सांगलीकडे कुणाची चेष्टा करायची तर "येरवड्याला पाठवा याला" म्हणतात. येरवडा म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय. दोन्ही एकाच गावात, एकाच नावाखाली. आजारी माणसाचा आणि गुन्हेगाराचा पत्ता आपण एकच करून टाकलाय.

आणि हा पत्ता लांबही आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सांगलीहून येरवडा सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, रत्नागिरी घाट उतरून पावणेदोनशेच्या आसपास. येरवड्यात मंजूर खाटा २५४०, रत्नागिरीत ३६५. बरं, जिल्ह्यातल्या जिल्ह्यातली अंतरंही कमी नाहीत. जतहून सांगलीला यायचं तर ऐंशी-नव्वद किलोमीटर, दहिवडीहून साताऱ्याला साठ-सत्तर. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास देशात एक लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नव्हता, पाऊणच भरत होता. त्याच सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. जतच्या पूर्वेकडच्या वाडीवर रात्री दोन वाजता तज्ज्ञ डॉक्टर पोचेल ही आशा सोडा. पोलीस पाटील पोचेल, आणि त्याच्या आधी देवऋषी.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या देशांत काय करतात? (आपला नेहमीचा प्रश्न!) थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात युजीन नावाचं शहर आहे, आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा लहान. तिथे १९८९ पासून काहूट्स नावाची सेवा होती. एक वैद्यकीय माणूस आणि एक समुपदेशनाचं शिक्षण घेतलेला माणूस, साध्या व्हॅनमधून, गणवेश नाही, हत्यार नाही. त्यांनी पोलिसांची कुमक मागितल्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्यातले पुष्कळ कॉल साधे होते, कुणी बरा आहे का बघून या, कुणाला निवाऱ्यापर्यंत सोडा, असे. तरी छत्तीस वर्षं चालली. आणि एप्रिल २०२५ मध्ये युजीनमध्ये ती बंद पडली. का? पैसे संपले. कल्पना चुकली म्हणून नव्हे.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला २०१५ पासून मानसोपचाराची वेगळी अ‍ॅम्ब्युलन्स धावते, त्यात मानसोपचारातल्या दोन अनुभवी नर्स असतात. डॉक्टरसुद्धा नाही, नर्स!

इंग्लंडचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० मध्ये सुरू केलेली पद्धत २०२३ पासून देशभर नेली: आरोग्याचे कॉल आरोग्य खात्याने घ्यावेत, पोलिसांनी नाही. तत्त्व बरोबर. पण बऱ्याच ठिकाणी पोलीस मागे सरकले आणि त्यांची जागा घ्यायला आरोग्य खातं तयारच नव्हतं, अशी टीका झाली. आपण उद्या नुसतंच "पोलिसांनी जाऊ नये" असा जीआर काढला तर आपलंही तेच होईल. मग आत्याच्या दारात कुणीच येणार नाही.

आणखी एक फरक. अमेरिकेत हा विषय पेटला तो बंदुकीमुळे. तिथे पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत साधारण पाचातला एक मानसिक आजाराची लक्षणं असलेला असतो. आपल्या हवालदाराकडे बहुतेक वेळा काठीच असते. आपल्याकडे जीव जाण्याचं भय कमी, पण अब्रू जाण्याचं फार. अब्रू गेली की माणूस पुढच्या वेळी दवाखान्यात जायलाच तयार होत नाही, घरचे बोलावायला तयार होत नाहीत. आत्याने दादाचं दुखणं चार दिवस लपवलं ते ह्याच भीतीने. पहिल्या दिवशी कुणाला तरी फोन करता आला असता तर पाना हातात येईपर्यंत वेळच गेली नसती.

आता आक्षेप. हापिसात दोन जणांनी लगेच घेतले, तेच इथे घेतो.

पहिला: "आणि तो हिंसक असला तर? नर्सने मार खायचा का?" माझ्या समोरच्याने २५ जानेवारी २०१२ ची आठवण करून दिली. पुण्यात स्वारगेटहून एका एसटी ड्रायव्हरने बस पळवली आणि नऊ जणांना चिरडलं. मान्य. धावत्या बससमोर पोलीसच हवेत, समुपदेशक नव्हे. पण त्या खटल्यात वेडाचा बचाव कोर्टाने मान्य केला नाही, हेही लक्षात घ्या. आणि दरवेळी असं उदाहरण काढून आपण घराघरातल्या हजारो साध्या प्रसंगांचा निकाल लावतो. न झोपलेला, न जेवलेला, घाबरलेला माणूस कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्याशी हळू आवाजात बोलणारं कुणीतरी लागतं. हत्यार खरंच हातात असेल, कुणी जखमी असेल, तर पोलीस बरोबर जाऊ देत. साध्या कपड्यात, दोन पावलं मागे, आणि बोलणं नर्सने करायचं. दादाच्या हातातही पाना होताच की. तो त्याने त्या रात्री कुणावर उगारला नाही, खाकी दिसेपर्यंत.

दुसरा: "माणसं कुठून आणणार?" हा खरा आक्षेप. पण पहिल्या पावलाला तज्ज्ञ लागत नाही. हार्ट अटॅक आला तर हृदयरोगतज्ज्ञ घरी येतो का? गाडीतला डॉक्टर येतो, पेशंटला स्थिर करतो आणि योग्य जागी पोचवतो. इथेही तेवढंच हवंय.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरतंच बोलतो, कारण मोठं बोललं की काहीच होत नाही.

एक, फोन जोडा. पोलिसांच्या ११२ वर कॉल आला आणि तो मनाच्या आजाराचा वाटला तर तो तिथल्या तिथे १०८ कडे वळवायचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर सुरू आहे, चोवीस तास. गाडी पोचेपर्यंत त्यावरच्या समुपदेशकाने घरच्यांशी बोलत राहायचं: टीव्ही बंद करा, गर्दी हटवा, एकानेच बोला, वाद घालू नका. हे काम सॉफ्टवेअरचं आहे, आणि फार अवघडही नाही. आपण बँकेच्या कस्टमर केअरसाठी याहून किचकट रूटिंग लिहितो.

दोन, गाडीतल्या डॉक्टरला शिकवा. तातडीच्या वेळी कोणतं औषध, किती, कसं बोलायचं, कलम ९४ काय म्हणतं. काही दिवसांचं प्रशिक्षण. मागे फोनवर जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, त्यात तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर, नर्स अशी पदं असतात. तो आज ओपीडीचा आणि शिबिरांचा कार्यक्रम आहे. त्यातल्या एका नर्सला आणि एका सोशल वर्करला रात्रपाळी द्या, एक गाडी द्या. साताऱ्यात सिव्हिलला एक आणि मिरजेला एक.

तीन, येरवडा विसरा. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता झालंय. तिथल्या मनोविकार विभागात तातडीच्या पेशंटसाठी काही खाटा राखून ठेवा आणि खिडकीवर मोठ्या अक्षरात पाटी लावा: पोलिसांचं पत्र लागत नाही.

चार, गावात माणसं तयार करा. हे स्वप्नरंजन नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचं काम करते. तिथे मानसमित्र नावाची कल्पना राबवलीय: साध्यासुध्या माणसांना भावनिक प्रथमोपचार शिकवायचे. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यात भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोराने, साखळीने बांधणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे. म्हणजे देवऋषीला थांबवायचा कायदाही ह्याच मातीतल्या माणसाच्या धडपडीतून आला. आता गावोगावच्या पोलीस पाटलाला आणि आशाताईंना मानसमित्र करा. पहिला फोन त्यांनाच जातो.

पाचवी गोष्ट पैशाची. युजीनची सेवा पैशावाचून बंद पडली, तशी ही पडू नये असं वाटत असेल तर ती कुणाच्या देणगीवर नको, आरोग्य खात्याच्या बजेटमध्ये पगाराची ओळ म्हणून हवी.

आणि पोलीस? त्यांना ह्यातून मोकळं केलं तर ते नाराज होतील असं मला वाटत नाही. त्या हवालदारांचा चेहरा मला आठवतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या बाबतीत आपण हे केलंच की. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. (सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवलाय.) म्हणजे एकेकाळी ज्याला गुन्हा म्हणत होतो त्याला दुखणं म्हणायला आपण कायद्यात शिकलो. दाराशी येणाऱ्या माणसाच्या कपड्याचा रंग बदलणं एवढंच राहिलंय.

मागच्या दिवाळीला दादाच्या दुकानात बसलो होतो. कॅलेंडरच्या शेजारी त्याने स्वतःच्या हाताने दोन नंबर लिहून चिकटवलेत, १४४१६ आणि त्याच्या डॉक्टरांचा. खाली लिहिलंय, "माझं कमीजास्त झालं तर आधी इथे." मी विचारलं, हे गिऱ्हाइकांना दिसतं की. तो म्हणाला, "दिसू दे. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं बघितलंच की."

तुमच्या घरी, सोसायटीत, गावाकडे असं कुणी असेल तर त्या माणसाला तो बरा असतानाच विचारून ठेवा, की बाबा, तुला कुणी न्यायला यावं? मी विचारलं नव्हतं.